कोणत्या तोंडानं जायचं?

निरोप घेऊन गेलेली माणसं परतली आणि त्यांनी याकोबाला दोनच गोष्टी सांगितल्या. तुमचा भाऊ तुम्हाला भेटायला निघाला आहे. त्याच्याबरोबर ४०० माणसं आहेत.

एसाव रागावलेला दिसला की हसरा, निरोप ऐकून काय म्हणाला, याबद्दल बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या ३२व्या अध्यायात अवाक्षर नाही. हिब्रू कथनाची ही रीतच आहे. ऐकणाऱ्याचा जीव जिथे अडकलेला असतो, नेमकं तिथेच ते मौन धरतं. आकडा तेवढा हाती देतं. पुढे दावीद शौल राजापासून जीव वाचवत रानोमाळ फिरतो, तेव्हा त्याच्याभोवती जमलेली टोळीही ४०० जणांचीच असते. म्हणजे लढत्या टोळीचा आकडा म्हणून तो जुन्या श्रोत्यांच्या कानांना ओळखीचा असणार. याकोबानं तो ऐकला आणि त्याची गाळण उडाली. ग्रंथ हे लपवत नाही. उलट त्या भीतीसाठी एक सोडून दोन क्रियापदं वापरतो.

भीती जुनी होती. याकोब आणि एसाव जुळे, इसहाक आणि रिबका यांची मुलं. एसाव आधी जन्मला, लालसर आणि अंगभर केसाळ. त्याची टाच धरून मागोमाग याकोब आला, आणि टाचेला हिब्रूत ‘अकेव’ म्हणतात त्यावरून त्याचं नाव पडलं. थोरला शिकारी, बापाचा लाडका; धाकटा तंबूत रमणारा, आईचा लाडका. एकदा एसाव रानातून भुकेनं कासावीस होऊन आला, तेव्हा याकोबानं त्याच्यापुढे मसुराची आमटी ठेवली, पण त्याआधी शपथ घ्यायला लावून त्याचा ज्येष्ठत्वाचा हक्क विकत घेतला. हा निदान समोरासमोर झालेला व्यवहार होता. पुढे घडलं ते तसं नव्हतं.

इसहाक म्हातारा झाला, त्याला दिसेना, आणि मरण्याआधी थोरल्याला आशीर्वाद द्यावा असं त्याच्या मनात आलं. रिबकेनं याकोबाला एसावाचे कपडे घातले, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली आणि रांधलेलं ताट देऊन त्याला नवऱ्यापुढे पाठवलं. बापानं विचारलं, तू कोण? यानं सांगितलं, मी एसाव, तुमचा थोरला. आवाज बापाला खटकला, पण हात केसाळ लागले आणि त्यानं हातांवर भरवसा ठेवला. ही फसवणूक शक्य झाली ती बापाला मुलाचं तोंड दिसत नव्हतं म्हणून. एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तोंडाभोवती फिरते.

एकदा उच्चारलेला आशीर्वाद परत घेता येत नसे. एसाव शिकार घेऊन आला, झालेला प्रकार त्याला कळला आणि तो मोठ्यानं, अतिशय कडवट आक्रोश करून रडला. हा आक्रोश ज्यू परंपरेनं विसरू दिलेला नाही. पुढे एस्तेरच्या पुस्तकात मर्दखय शूशन नगरात जवळपास त्याच शब्दांत आक्रोश करतो. मिद्राश म्हणजे जुन्या ज्यू पंडितांची भाष्यपरंपरा. ती म्हणते, याकोबानं एसावाला रडवलं, त्याची परतफेड याकोबाच्या वंशजाला शूशनमध्ये करावी लागली. आपल्या मूळपुरुषाचा दोष झाकायचा नाही, त्याचं देणं आपल्याच घरावर लावून घ्यायचं, ही वृत्ती मला फार मोठी वाटते.

एसावानं मनाशी ठरवलं: बाप गेला की भावाला मारायचं. तेव्हा रिबकेनं याकोबाला दूर उत्तरेला, आपला भाऊ लाबान याच्याकडे हारानला पाठवलं. हे हारान आजच्या तुर्कस्तानात आहे. थोडे दिवस राहा, भावाचा राग निवला की बोलावून घेईन, असं ती म्हणाली. थोड्या दिवसांची वीस वर्षं झाली. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख ग्रंथात कुठेही नाही.

हारानला त्याला त्याच्याच मापानं मोजून मिळालं. सात वर्षं राबून राहेलशी लग्न लागलं, आणि सकाळी उजेडात पाहतो तर शेजारी तिची थोरली बहीण लेआ. जाब विचारल्यावर लाबान म्हणाला, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. याकोबानं यावर काही उत्तर दिल्याची नोंद नाही, आणि काय देणार होता? राहेलसाठी आणखी सात वर्षं, मग गुराढोरांसाठी सहा. अशी वीस भरल्यावर बायका, अकरा मुलगे, एक मुलगी आणि कळप घेऊन तो मायदेशी निघाला.

नकाशा पाहिला तर एक गोष्ट खटकते. एसाव राहत होता सेईरच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे मृत समुद्राच्याही दक्षिणेला. याकोब उत्तरेकडून येत होता. यार्देन ओलांडून तो कनानात शिरला असता तर भावाशी गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. माणसं पाठवून ‘मी आलोय’ असं त्यानं आपणहून कळवलं. मिद्राशमध्ये याबद्दल त्याला बोल लावणारे पंडित आहेत; झोपलेल्या संकटाला कशाला उठवलंस, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. भावाला वळसा घालून घरी जाता येतं, पण मग ते घरी जाणं होत नाही, हे वीस वर्षं परक्याच्या दारात काढलेल्या माणसाला कळलं असावं.

आता श्रद्धेचा प्रश्न. याकोबाला देवाचं वचन होतं, तेही दोनदा. घरातून पळताना बेथेलला उशाशी दगड घेऊन झोपला, तेव्हा स्वप्नात आकाशाला टेकलेला जिना दिसला आणि मी तुझ्याबरोबर आहे असं देवानं सांगितलं. हारान सोडतानाही तेच सांगितलं. शिवाय भीतीचा हा प्रसंग येण्याच्या जरा आधी वाटेत त्याला देवदूत भेटले होते. मग हा घाबरतो कसा? तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या बराखोत या प्रकरणात रब्बी याकोव बर इदी यांनी हीच विसंगती पुढे केली आहे. तिथे दिलेलं उत्तर असं की आपल्या हातून मध्यंतरी पाप घडलं असेल आणि त्यापायी वचन फळणार नाही, याची त्याला धास्ती होती. म्हणजे त्याचा देवावरचा विश्वास उडालेला नव्हता, स्वतःवरचा उडाला होता.

दुसरं उत्तर राशीचं. राशी हा अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रुआ गावी होऊन गेलेला भाष्यकार. आजही ज्यू मुलं तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, शिकतात ती त्याचं बोट धरून. दोन क्रियापदं का, तर त्यानं जुन्या मिद्राशमधून कारण उचललं: याकोबाला एक भीती होती आपण मारले जाऊ ही, आणि दुसरी कासाविशी होती आपल्या हातून कुणी मारलं जाईल ही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. भाऊबंदकीत पहिली भीती सगळ्यांनाच असते. दुसरी ज्याला वाटते त्याच्यासाठी समोरचा अजून भाऊ असतो.

घाबरलेला याकोब हातावर हात ठेवून बसला नाही. माणसांचे आणि जनावरांचे दोन तळ केले. एकावर हल्ला झाला तर दुसरा निसटेल. मग प्रार्थना केली. तिच्यात ‘कातोन्ती’ हा शब्द येतो: तू केलेल्या उपकारांपुढे मी फार लहान आहे. ही यार्देन ओलांडली तेव्हा हातात काठीच तेवढी होती आणि आज दोन तळ आहेत, हे तो आठवतो. मग आढेवेढे न घेता म्हणतो की मला भावाच्या हातून सोडव, मला त्याची भीती वाटते, लेकरांसकट आयांनाही तो मारील. देवापुढे भीती अशी उघडी करता येते, ही गोष्ट सोपी नाही. प्रार्थना आटोपून तो लगेच कळपाकडे वळला.

भावासाठी त्यानं वेगळी काढलेली जनावरं अशी: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिल्लांसह ३० दुभत्या सांडण्या, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवं. पिल्लं सोडून ५५० डोकी होतात. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल. दहा शेळ्यांमागे एक बोकड, दहा मेंढ्यांमागे एक एडका, म्हणजे हा वाढता कळप आहे. कापून खाऊन संपेल अशी भेट त्यानं निवडली नाही. प्रत्येक कळप वेगळा, दोन कळपांत अंतर, आणि प्रत्येक गुराख्याला एकच वाक्य पढवलेलं, की ही तुमच्या दासाकडून भेट आहे, तो स्वतः आमच्या मागून येतो आहे. एसावाचा राग पहिल्या कळपावर आदळेल, दुसऱ्यावर जरा ओसरेल, तिसऱ्यावर आणखी.

हे योजताना तो मनाशी जे म्हणतो ते मराठीत नीट आणता येतं, कारण आपल्याकडेही नात्यांचे बरेवाईट प्रकार तोंडावरूनच बोलले जातात. भांडलेले भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, अपराध्याला तोंड दाखवायची लाज वाटते, आणि समेटाला निघालेला स्वतःला विचारतो, कोणत्या तोंडानं जाऊ? हिब्रूत तोंड म्हणजे ‘पानीम’. याकोबाच्या त्या एका स्वगतात हा शब्द चारदा येतो: त्याचं तोंड निववीन, माझ्या तोंडापुढे भेट जाईल, मग त्याचं तोंड पाहीन, कदाचित तो माझं तोंड वर उचलील. पुढच्याच ओळीत भेट पुढे निघते, तिथे पुन्हा पानीम. ‘उत्पत्ती’तल्या पहिल्या दोन भावांच्या गोष्टीतही हाच शब्द आहे. काइनाची भेट देवानं स्वीकारली नाही तेव्हा काइनाचं तोंड उतरलं, आणि त्या उतरलेल्या तोंडानं त्यानं हाबेलाला मारलं. तिथे भेटीसाठी ‘मिनखा’ हा शब्द आहे आणि याकोबानं भावासाठी निवडलेल्या कळपांनाही ग्रंथ मिनखाच म्हणतो.

राग निववण्यासाठी जे क्रियापद इथे आलंय, त्याच धातूपासून ‘किप्पुर’ हा शब्द होतो. योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, ज्यू वर्षातला सर्वांत गंभीर उपवास. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाच्या योमा या भागात त्याबद्दल नियम आहे की माणसानं देवाचा केलेला अपराध त्या दिवशी धुतला जातो, पण माणसानं माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज धुतला जात नाही. भावाच्या दारी जावंच लागतं.

आणि तो ‘कदाचित’! हिब्रूत ‘उलाय’. आई वेषांतर करायला सांगत होती तेव्हाही याकोबाच्या तोंडी हाच शब्द होता: कदाचित बाप मला चाचपून पाहील. तेव्हाच्या ‘कदाचित’मध्ये पकडलं जाण्याची भीती होती. आताच्या ‘कदाचित’मध्ये आशा आहे.

त्या रात्री त्यानं सगळ्यांना यब्बोक नदीच्या पलीकडे पोचवलं. ही आजच्या जॉर्डन देशातली झर्का नदी. खोल दरीतून वाहत पूर्वेकडून यार्देनला मिळते. याकोब एकटा मागे राहिला आणि कुणी एक पुरुष पहाट फुटेपर्यंत त्याच्याशी झुंजला. ग्रंथ त्याला नुसता ‘पुरुष’ म्हणतो. होशेय संदेष्टा देवदूत म्हणतो, मिद्राशमध्ये तो एसावाचा रक्षक दूत ठरतो. राशीचा नातू राशबाम याचं म्हणणं सर्वांत अस्वस्थ करणारं आहे. त्याच्या मते याकोब त्या रात्री पळून जायच्या बेतात होता, आणि त्याला पळता येऊ नये म्हणून तो दूत त्याच्याशी भिडला. मला हे वाचन खरं वाटतं. इतकी जनावरं पुढे पाठवून, इतकी प्रार्थना करूनही शेवटच्या रात्री माणसाचे पाय मागे वळतात.

झुंजीत याकोबाच्या मांडीचा सांधा निखळला, तरी त्यानं पकड सोडली नाही. आशीर्वाद दे, मग सोडतो, म्हणाला. तेव्हा त्या पुरुषानं विचारलं, तुझं नाव काय? आंधळ्या बापानं विचारलं होतं तेच. या वेळी यानं उत्तर दिलं, याकोब. तेवढं खरं सांगितल्यावर त्याला नवं नाव मिळालं, इस्राएल. त्या जागेला त्यानं पनीएल म्हटलं, देवाचं तोंड, कारण ते पाहूनही तो जिवंत राहिला होता. बेथेलच्या रात्री सूर्य मावळल्याची नोंद आहे आणि इथे तो लंगडत निघाला तेव्हा सूर्य उगवल्याची.

त्या लंगड्या मांडीची आठवण म्हणून मांडीच्या सांध्याजवळची शीर ज्यू आजही खात नाहीत. चीनमधल्या कायफंग शहरातल्या ज्यूंना शेजारीपाजारी ‘शीर काढून टाकणारे लोक’ म्हणूनच ओळखत. या शिरेचा नियम सांगताना ग्रंथात ‘बने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरं, हे शब्द पहिल्यांदा येतात. मराठी वाचकाला ते परके नाहीत. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवलेला आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला गेलेला समाज स्वतःला बेने इस्राएल म्हणवतो. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत याच समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. ज्यांची घरची बोली मराठी आहे अशा या मंडळींच्या नावात यब्बोकच्या काठची ती रात्र आहे.

सकाळी एसाव समोर दिसला. याकोबानं दासी आणि त्यांची मुलं पुढे ठेवली, मग लेआ आणि तिची मुलं, सर्वांत मागे राहेल आणि तिचा मुलगा योसेफ. कुणाचा जीव किती मोलाचा, हे मुलांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. योसेफाला पुढे भावांनी विहिरीत टाकलं त्याचं बी इथेही पेरलेलं असावं. पण एक गोष्ट मात्र बदलली होती. आदल्या दिवशी गुराखी सांगत होते की याकोब मागून येतोय. आज तो लंगडत सगळ्यांच्या पुढे गेला आणि भावाजवळ पोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. चोरलेल्या आशीर्वादात असं होतं की तुझे भाऊ तुला नमन करतील. नमन करत होता तो आशीर्वाद घेणाराच.

एसाव धावत आला. त्यानं मिठी मारली, गळ्यात पडला, मुका घेतला आणि दोघं रडले.

तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत स्वरांचे ठिपके नसतात. पण ‘मुका घेतला’ या अर्थाच्या सहा अक्षरी शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर एक एक ठिपका आहे, आणि लेखनिक आजही तो जसाच्या तसा काढतात. सबंध तोरात असे ठिपके दहाच ठिकाणी आहेत. का आहेत, यावर पंडितांचा वाद जुना आहे. रब्बी यन्नाय म्हणतात, एसाव मुका घ्यायला आला नव्हता, चावायला आला होता. हिब्रूत या दोन क्रियापदांत एका अक्षराचा फरक. हे बोलणारे लोक रोमन सत्तेखाली जगत होते आणि ‘एसाव’ हे त्यांच्या बोलण्यात रोमचंच नाव झालं होतं, हे लक्षात घेतलं की त्यांचा संशय समजतो. आणि तरीही रब्बी शिमोन बर योखाय यांचं मत त्याच परंपरेनं जपून ठेवलं आहे: एसाव याकोबाचा द्वेष करतो हे सर्वज्ञात आहे, पण त्या क्षणी त्याला माया दाटून आली आणि त्यानं अगदी मनापासून मुका घेतला. शिमोन बर योखाय म्हणजे रोमन लोकांच्या भीतीनं वर्षानुवर्षं गुहेत लपून राहिल्याची ज्यांची कथा तालमूद सांगतो ते.

पुढचं बोलणं साधं आहे, पण त्यातले शब्द तोलून वापरलेले आहेत. एसाव ‘माझ्या भावा’ म्हणतो, याकोब ‘माझे धनी’ म्हणतो. तो कळप कशाला, माझ्याकडे पुष्कळ आहे, असं एसाव म्हणतो. याकोब त्याला गळ घालतो, तुमचं तोंड पाहिलं ते देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं. आणि इथवर ‘मिनखा’ म्हटलेल्या भेटीला एकाएकी वेगळा शब्द वापरतो: माझी ‘बराखा’ घ्या. बराखा म्हणजे आशीर्वाद. बापाकडून लबाडीनं उचललेल्या वस्तूचंच ते नाव. तो आशीर्वाद तर परत करता येत नव्हता. त्या आशीर्वादानं जे मिळालं होतं ते देता येत होतं. मी चुकलो, हे याकोब तोंडानं कुठेच म्हणत नाही. त्या एका शब्दात तो ते म्हणतो, आणि एसाव आढेवेढे सोडून कळप घेतो.

एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, लेकरं कोवळी आहेत, जनावरं दुभती आहेत, तुम्ही पुढे व्हा, मी हळूहळू सेईरला येतो. आणि तो सेईरला गेलाच नाही, सुक्कोथला घर बांधून राहिला. पुन्हा लबाडी? मिद्राश म्हणते, तो जाईल, मसीहाच्या काळात. मला वाटतं, त्यांना एकमेकांच्या गळ्यात पडता आलं, एका अंगणात राहता येणार नव्हतं, आणि एसावालाही ते उमगलं असावं. त्यानं पुन्हा आग्रह केला नाही. दोघांच्या जनावरांना एकत्र पुरेल एवढा चारा त्या मुलखात नव्हता, अशीही एक रोकडी नोंद पुढे ३६व्या अध्यायात आहे.

त्यांच्या वंशजांमध्ये, इस्राएल आणि अदोम यांच्यात, पुढे रक्तपात झाला. जेरुसलेम पडलं तेव्हा अदोमनं काखा वर केल्या आणि वर लूटही केली, हा ओबद्या संदेष्ट्याचा संताप आहे. तरी ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या नियमांत अदोमी माणसाचा तिटकारा करू नका, तो तुमचा भाऊ आहे, हे वाक्य राहिलं, आणि कुणी ते खोडलं नाही.

ग्रंथात दोघं भाऊ आणखी एकदाच एकत्र दिसतात. इसहाक १८० वर्षांचा होऊन हेब्रोनला वारला. जुळे जन्मले तेव्हा तो साठ वर्षांचा होता, म्हणजे ते दोघं एकशेवीसचे. बाप गेला की भावाला मारायचं, असं ज्या दिवसाबद्दल एसावानं ठरवलं होतं, तो हा दिवस. इसहाकाचा बाप अब्राहाम याला पुरलं तेव्हा ग्रंथानं धाकट्या इसहाकाचं नाव आधी आणि थोरल्या इश्माएलाचं नंतर घेतलं होतं. इथे लिहिलंय की त्याला त्याच्या मुलांनी पुरलं, एसाव आणि याकोब यांनी. थोरल्याचं नाव आधी आहे.